मागच्या सीटचं अंतर

वळणावर आमची गाडी कलली की मागची सीट बोटभर लांब जायची आणि वळण संपलं तरी परत यायची नाही. पुढं शॉकॉप्सर गळायला लागले, तशी ती हातभर जायला लागली.

गाडी जुनी, सात सीटची, डिझेल. इंजिन म्हणजे खणखणीत नाणं. त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत, माझ्यासमोर तर नाहीच नाही. खोट होती ती उंचीत, आणि ती उंची मीच दिलेली. मेहुण्याच्या लग्नात गाडी रुबाबात उभी राहावी म्हणून मी स्प्रिंगांत रबरी बफर बसवले, मोठे टायर चढवले, टपावर लोखंडी कॅरियर ठोकलं. मांडवात सगळे म्हणाले, "वाघ दिसतोय, वाघ!" दिसत होताच. पण त्या दिवसापासून तो वाघ प्रत्येक वळणाला कुशीवर झोपायला लागला.

माझ्या मुलीला, मुक्ताला, घाटात गाडी लागते. म्हणून तिच्याजवळ माझी बायको वैजयंता मागंच बसते. आंबा घाट उतरून साखरप्याला सासुरवाडी. महिन्यातनं दोनदा जायचं, दोनदा यायचं. पहिल्या महिन्यात पाण्याची बाटली मागं द्यायला मला हात ताणावा लागला. दुसऱ्या महिन्यात बाटली फेकावी लागली. तीन वर्षं झाली, आता मी फोन करतो.

"जेवलात का?"

"जेवलो. इथं ऊन पडलंय," वैजयंता म्हणते. माझ्या काचेवर तेव्हा धुकं असतं.

दोघी आता गाडीतून उतरतच नाहीत. साखरपा आलं म्हणून निघाल्या, तर दारापर्यंत पोचेस्तोवर माझी परतायची वेळ होते. आरशात हरभऱ्याएवढ्या दिसतात. मी दोनदा आतनं चालत गेलो. पण मी जितका चाललो तितकी सीट मागं सरकली. गेल्या आठवड्यात मुक्तानं फोनवर विचारलं, "पप्पा, तुम्हाला मिशा आहेत का हो?" च्यायला! मी गाडी तशीच मलकापूरला दस्तगीर मिस्त्रींच्या दारात नेऊन उभी केली.

या माणसाबद्दल काय सांगावं! बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडतात. दस्तगीर मिस्त्री बॉनेटकडं बघतही नाहीत. ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि दुखणं सांगतात. सकाळी नऊला त्यांनी चपला काढल्या, डबा घेतला आणि दोन सीटांमधनं आत चालत गेले. जेवायच्या वेळेला परत आले.

"वैनींनी च्या दिला," ते म्हणाले. "पोरगी लई हुशार हाय. अंतर अडीच किलोमीटर."

"मग मलाच का पोचता येत नाही?"

"दादा, ते अंतर तुमच्यापास्नं हाय. माझ्यापास्नं न्हाई."

मी गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. 

चार दिवस ते गाडीखाली होते. बफर उपटले, कॅरियर उतरवलं, कंपनीच्या मापाचे टायर घातले. शॉकॉप्सर नवे, सांध्यांतले रबरी बुश सगळे नवे. पुढच्या दोन चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार आधीपेक्षा बोटभर जाड. मग चाकं सरळ करायला त्यांनी मशीन वापरलं नाही. मागच्या चाकापासनं पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला. बाहेरून गाडी होती तेवढीच, पण त्या दोऱ्याला चौदा रिळं लागली. शेवटी मिस्त्रींनी दोरा बोटानं छेडला, कान लावला आणि मान हलवली. मी हात जोडले. असा कारागीर शंभर कोसांत सापडायचा नाही.

"वेग वळणाआधी कमी करा," त्यांनी बजावलं. "वळणात ब्रेकला पाय लावायचा न्हाई. आता ती कलायची न्हाई."

आंबा घाटातलं पहिलं वळण मी भीत भीतच घेतलं. आणि काय सांगू! गाडी रस्त्याला अशी धरून गेली, जशी परातीत भाकरी फिरावी. मी ओरडलोच, "अरे वा रे माझ्या वाघा!" मागची सीट एका दमात फर्लांगभर पुढं आली होती.

फोन वाजला. "अहो, तुमची मान दिसायला लागली," वैजयंता म्हणाली.

आठव्या वळणाला फोन लागेना, आणि त्याची गरजही उरली नव्हती. मुक्ताची हाक सरळ कानावर आली. बाराव्या वळणाला सीट जागेवर बसली आणि दोघींचे हात माझ्या खांद्यावर पडले. तीन वर्षांनी! मी रडलो. लाज कसली त्यात?

तेराव्या वळणाला वैजयंताचे गुडघे माझ्या पाठीत रुतले.

"हळू घ्या की," ती म्हणाली.

मी हळू घेतलं. हळू घेतल्यावर तर गाडी आणखीच सुरेख वळली. जरासुद्धा कलली नाही, टायरनं हूं की चूं केलं नाही. दस्तगीर मिस्त्रींच्या हाताला खरंच सोन्यानं मढवलं पाहिजे. मुक्ता आता माझ्या मांडीवर होती. ती कुठून आली ते मला दिसलं नाही.

"पप्पा, थांबा ना."

डावीकडं दरी, मागं चिकटून ट्रक. थांबायला वीतभर जागा नव्हती. पुढच्या वळणाला तिचं डोकं माझ्या छातीवर टेकलं आणि तिथं न थांबता आत गेलं. दुखलं अजिबात नाही. स्टिअरिंगवर मला माझे दोन हात दिसत होते आणि त्यांत वैजयंताच्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या.

"अजून किती वळणं आहेत हो?" वैजयंतानं माझ्या तोंडानं विचारलं.

मी वेग कमी केला आणि चाक डावीकडं वळवलं. गाडी तसूभरही कलली नाही.