जेवणानंतरची ओंजळ

वाळवंटाच्या काठावर जर्दाळूचा बहर ओसरला होता. झाडांना फळं धरली होती, हिरवी, कोवळी, लवदार. पलीकडे हिमशिखरांची शुभ्र रांग, अलीकडे धूसर-सुवर्ण वाळूचा अथांग विस्तार, आणि मध्ये मुठीएवढं गाव. पॉप्लरच्या चंदेरी पानांतून ऊन असं झिरपत होतं, की अंगणात जणू कुणी हळदीचा सडा घातलाय.

उपासाचा पवित्र महिना होता. आणि उपासाला मनाई होती.

हूरनिसा पहाटे दिवा न लावता उठे. चाचपडत रोटीचा तुकडा मोडी, घोटभर पाणी पिई, आणि मनातल्या मनात नेम धरी. ओठ हलवायचे नाहीत. हललेले ओठ दिसतात.

दिसतात श्यू-ताईला. चिनी सरकारने उइघुर मुसलमानांच्या घरोघरी असे 'नातलग' धाडले होते. ही पंधरा दिवसांची नातलग हसतमुख होती, मधाळ बोलायची, आणि तिच्या काखेत सदैव एक निळी वही असायची. हूरनिसा आणि तिच्या सासूच्याच कढईत ती रांधे, त्यांच्याच गालिच्यावर निजे, आणि त्यांचं जगणं ओळीओळीने वहीत उतरवी.

वहीत घर 'चांगलं' ठरलं, तर हूरनिसाला दोन मिनिटं मिळणार होती. पडद्यावर, ताहिरजानबरोबर. अडीच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला 'शाळेत' नेलं होतं. काटेरी तारांची ती शाळा. तिथून अजून कुणी पास होऊन परतलं नव्हतं.

तेरा दिवस निभावले. चौदाव्या दिवशी, ऐन मध्यान्ही, सूर्य माथ्यावर तापल्या तव्यासारखा थांबलेला असताना श्यू-ताईने ताटं मांडली. वाफाळता भात, आणि त्यावर डुकराचं मांस, लालसर, तुपाळ, लकाकणारं.

"वहिनी, बस गं. किती वाळलीस! नवऱ्याने पडद्यावर ओळखायला नको का तुला?" ती खळखळून हसली. "आणि म्हातारे, तूही ये. दात नाहीत म्हणून सबब नको हं. मऊसूत शिजवलंय."

सासू झोराखान निमूट येऊन बसली. हूरनिसाने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर घास उचलला नसता.

तिने घास उचलला.

नेमाचं मोडणं आवाज करत नाही, हो. काच फुटते तेव्हा खळ्ळकन वाजते. हे आतल्या आत, दव सुकावं तसं नाहीसं होतं. पहिला घास निखाऱ्यासारखा उतरला, दुसरा दगडासारखा, तिसरा नुसत्या मांसासारखा. ताहिरजान, ताहिरजान, ताहिरजान, प्रत्येक घासाला त्याचं नाव. ताट स्वच्छ झालं. श्यू-ताईची लेखणी प्रसन्नपणे डोलली.

आणि तेवढ्यात हूरनिसाचे हात उठले.

तिने उचलले नव्हते. ते आपले आपण उठले. जेवण झालं की दोन्ही तळव्यांची ओंजळ वर न्यायची, दात्याचे आभार मानायचे, आणि तळवे चेहऱ्यावरून अलगद खाली उतरवायचे. ती तीन वर्षांची असताना माहेरी आईने मांडीवर बसवून शिकवलेलं. निषिद्ध अन्नानंतर, मोडलेल्या व्रतानंतर, हात मात्र आपला नेम विसरले नव्हते.

ओंजळ हनुवटीपाशी पोचली, आणि तिथेच गोठली.

लेखणी थांबली होती.

"अगंबाई," श्यू-ताई मऊपणे म्हणाली, "किती सुंदर करतेस. कुणी शिकवलं गं?"

"मी," झोराखान म्हणाली. "दुसरं कोण शिकवणार? लग्न होऊन आली तेव्हा हिला चहासुद्धा धड करता येत नव्हता. सगळं मीच घोटून घेतलंय. लिही, लिही माझं नाव. ठळक लिही, मला बारीक अक्षर दिसत नाही."

एक शब्द पुरेसा होता: नाही. माझ्या आईने. मी स्वतः. तो शब्द हूरनिसाच्या जिभेवर आला, थरथरला, आणि दोन मिनिटांच्या लोभाने तिने तो गिळला. आजच्या साऱ्या घासांत तोच सर्वांत सहज उतरला.

संध्याकाळी पांढरी गाडी आली. झोराखान स्वतःच चढली. "पीठ झाकून ठेव, अळ्या होतील," एवढंच बोलली.

दोष एकट्या झोराखानच्या नावावर गेला, वहीत घर 'चांगलं' ठरलं. पाच दिवसांनी, कचेरीच्या खोलीत, पडदा उजळला. मुंडलेलं डोकं, खोल गेलेल्या डोळ्यांच्या विहिरी, आणि त्यांच्या तळाशी कुठेतरी तो.

"बरी आहेस?"

"बरी आहे. आम्हाला काही कमी नाही." वाक्य पाठ करून दिलेलं होतं.

"आणि अना?" आईला तो अना म्हणायचा, लहानपणापासून.

हूरनिसाच्या मागे, घरातला मुक्काम संपला तरी, श्यू-ताई उभी होती. तिचा श्वास मानेला लागत होता.

"अना... शिकायला गेली."

तो हसला. हसणंही तिथे शिकवत असावेत. ओठ तेवढे उघडले, पुढचे दोन दात नव्हते.

"छान झालं," ताहिरजान म्हणाला. "शिकलेलं बरं."

पुढे बोलायला काही उरलं नाही, आणि वेळ मात्र उरला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उतरत होते, चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. तो नजर हलवेना, ती पापणी मिटेना. दोघांमध्ये काचेची एक निश्चल नदी, आणि काठावर ती, महापातकी, महातृषार्त, तो चेहरा पीत राहिली, घोट घोट पीत राहिली, नऊ, आठ, सात, काच विझेपर्यंत, आणि विझल्यावरही.