झाकलेला तोप

आमच्या वाडीत माणूस गेला की नाही हे डॉक्टर सांगत नाही. सावित्रीकाकीचा तोप सांगतो.

ज्या घरात मयत होतं तिथली चूल पेटत नाही. शेजारून पेज येते: उकड्या तांदळाची, नुसतं मीठ घातलेली. सुतक फिटेपर्यंत त्या घरात फोडणी पडत नाही. ही पहिली पेज नेण्याचा मान सावित्रीकाकीचा. तो तिला कोणी दिला नव्हता, पण काढून घ्यायची हिंमतही कोणाला झाली नव्हती. तिचा तोप काळवंडलेला, जर्मनचा. त्यावर झाकण, आणि झाकणावर, कावळ्यांनी पाडू नये म्हणून, धोंडा. तो तोप पाणंदीतून चालू लागला की बाया दारात येत आणि तो कुठे वळतो ते बघत.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. 'आवर्त म्हणजे काय ते आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न मी इतकी वर्षं घातला आहे की झोपेतही आकृती काढू शकेन. या वेळी माझा धाकटा भाऊ सत्यवान आकृतीच्या आत होता.

त्याच्याबरोबर होडीवर महादू होता. महादूला मागेपुढे कोणी नाही. त्यामुळे त्याच्यासाठी घाबरायचं कामही आमच्याच घराकडे आलं.

संध्याकाळी उशिरापर्यंत एकेक होडी परत आली. आमची आली नाही. मी बंदरावर उभा राहून सत्यवानाचा मोबाईल लावत होतो. एक बाई दर वेळी मला अत्यंत शुद्ध मराठीत सांगत होती की तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. तिच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. मला तिची भीती वाटू लागली.

"मास्तरांनू, तुमच्या पुस्तकात काय सांगतत? आता वारो पडतलो?" शंकर तांडेलाने विचारलं.

"पडेल," मी म्हटलं. पुस्तकात वारा नेहमीच पडतो. त्यानंतर कोण कुठे असतो ते पुस्तकात नसतं.

आमचं घर एका छपराखाली आहे. वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत घातली, पण ती छपरापर्यंत न्यायचा उत्साह कोणात उरला नव्हता. त्यामुळे पलीकडची फोडणी मला आवाजासकट आणि वासासकट मिळते. बायको पिंगुळीला माहेरी गेली होती आणि रस्त्यात झाडं पडल्यामुळे तिथेच अडकली होती. मी घरी आलो, अंधारात बसलो आणि भिंतीपलीकडे कान लावला.

चर्र.

लसूण. मग कुळथाच्या पिठाचा तो भाजका, मातकट वास. सत्यवानाची बायको मथुरा पिठी करत होती.

"भावजींनू, येवा," तिने भिंतीवरून हाक मारली. "पिठी झाली हा. फोन लागलो?"

"लागणा नाय. टॉवर पडले असतील."

"टॉवरच पडलेत," ती म्हणाली. जोर 'टॉवर'वर होता.

मी पिठी-भात जेवलो. भीती वाटत असताना माणसाला भूक लागत नाही असं म्हणतात. मला लागली, आणि त्याचीही भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वीज नाही, दुकान बंद, बाजार नाही. मथुराने घरात जे होतं ते बाहेर काढलं. परसातले करांदे खणले. लाल माठ उपटला. डब्यातली सुकट, भिजवलेले काळे वाटाणे, बरणीतले उकडांबे, सगळं चुलीकडे रांगेला लागलं. करांदे नुसते उकडून मिठाबरोबर खातात, त्यांना फोडणी कोणी देत नाही. मथुराने दिली. उकडांबे मुरलेले होते, त्यांनाही दिली. दर थोड्या वेळाने चर्र व्हायचं आणि सगळी पाणंद शिंकायची.

पहिल्यांदा मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. मग लक्षात आलं. फोडणीचा आवाज चालू आहे तोवर या घरात कोणी मेलेलं नाही. ती वाडीला तेच सांगत होती, आणि वाडीलाच का, समुद्रालाही सांगत असेल.

केलेलं सगळं ती घरोघर वाटत सुटली. ज्याचं पोट तिच्या वाटाण्यांनी भरलंय तो तिला पेज घेऊन येणार कसा? वाडीने भरपूर खाल्लं. तोंडं सुतकी ठेवून खाल्लं.

"वाटाणे मस्त झालेत गो," शंकर ताटलीत बोट फिरवत म्हणाला. "सत्यवानाक लय आवडायचे."

"आवडतत," मथुरा म्हणाली.

"ताच तां."

"ताच नाय. आवडतत."

त्या दुपारी बंदरावर कोणीतरी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की देवगडच्या बाजूला किनाऱ्यावर फळ्या लागल्यात. आमच्या होडीसारख्या निळ्या. मी म्हटलं, अर्ध्या कोकणच्या होड्या निळ्या असतात. तर्काने बरोबर होतं. पण घरी येताना तर्क बांधापर्यंतच पुरला. दोनदा मी बांधावर बसलो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चप्पल तुटली असं वाटावं म्हणून चपलेचा अंगठा तपासला. मथुराला काही सांगितलं नाही. आल्या आल्या तिने मला सुकटीची कोशिंबीर वाढली आणि म्हणाली, "निळ्यो फळ्यो सगळ्यांच्याच आसतत." मी मान खाली घालून जेवलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोप निघाला.

मी ओट्यावर दात घासत होतो. काकी पाणंदीतून येत होती, सावकाश, दोन्ही हातांनी तोप धरून. मी मनातल्या मनात तिला दुसरीकडे वळवत होतो. इथे वळ, या घरी म्हातारा आहे, तिथे तरी वळ. दुसऱ्याच्या दारात मरण ढकलण्याची माझी तयारी बघून मी थक्क झालो. काकी कुठेच वळली नाही. तोंडातला फेस मी गिळला.

मथुरा दारात उभी राहिली. तिच्या हातात पळी होती.

"काकी, तोपात काय आसा?"

"काय नाय गो. वायच पेज."

"माझी चूल पेटलेली आसा."

"ता माका दिसता. पण तू एकटा खंय खंय करतलंस? दोन दिस झाले, बाय. मनाची तयारी करूक होयी."

"मनाची तयारी मी करतंय. तुम्ही पेज घेवन जावा."

"भायर काढलेली पेज परत घरात नेवची नसता. तुका म्हायती आसा."

"मगे थंयच ऱ्हवांदे."

काकीने तोप ओट्यावर ठेवला, अगदी दोन दारांच्या मधोमध. झाकणावर धोंडा नीट बसवला आणि डोळ्याला पदर लावून गेली. वाईट बाई नव्हे. खरोखर रडत होती. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

तो तोप तिथे बसला. आत नेता येईना, फेकता येईना, अन्न ते. मी घरात गेलो तरी तो पाठीला दिसत होता. मी दार लावून घेतलं. मथुराने तिकडे भराभर फोडण्या घातल्या, माठाला, भाताला, कालच्या पिठीला पुन्हा. वाडी नाश्त्यालाच तुडुंब जेवली आणि आडवी झाली.

मग दुपार झाली आणि आवाज थांबला.

मी वाट पाहिली. भांडं वाजलं नाही, पळी वाजली नाही. इतकी शांतता वादळाच्या आदल्या दिवशीही नव्हती. तिने मानलं, असं मला वाटलं. मथुराने मानलं म्हणजे तो गेला. त्यापुढे माझ्याकडे आशेचं दुसरं कुठलंच साधन नव्हतं.

मी परसातून पलीकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली, कढई वर, मोहरी हातात. बाटली उलटी करून कढईवर धरलेली.

"तेल संपला," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "भावजींनू, तेल संपला."

"आणतो."

"दुकान बंद आसा."

"आणतो म्हटलं ना!"

माझ्या घरात तेलाचा डबा कोरडा होता. बायको असली की तेल आपोआप असतं, एवढंच माझं त्या विषयातलं ज्ञान. शेवटी न्हाणीघराच्या फळीवर निळी बाटली सापडली. खोबरेल. डोक्याला लावायचं, जाईच्या वासाचं. मी ती घेतली आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो.

तेव्हा रडणं ऐकू आलं. बाईचं नव्हे. पुरुषाचं, गळा काढून.

अंगणाच्या दगडी गडग्यापाशी, पाणंदीत, एक माणूस मातीत बसला होता. अंगावर कोणाचा तरी ढगळ शर्ट, पायात काही नाही, चेहरा मिठाने पांढरा. तो ओट्यावरच्या तोपाकडे बघत होता आणि कपाळावर हात मारत होता.

"दादा गेलो रे! माझो दादा गेलो! माका नीट तोंडसुदीक बघूक गावला नाय!"

मी चकित झालो. आपल्या मरणाची बातमी माणसाला अशी अचानक मिळू नये.

"सत्या," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. मी दारात, हातात तेलाची बाटली, तीन दिवसांची दाढी. तो बसल्या जागी मागे सरकला.

"तू जितो आसस?"

"मी आसंय रे मेल्या! तूच सांग, तू जितो आसस काय?"

त्याने खरोखर स्वतःचा दंड चाचपला. खात्री तरीही कोणालाच नव्हती.

हकिगत साधी होती. इंजिन बंद पडलं, होडी वर उत्तरेला वाहत गेली, विजयदुर्गच्या खाडीत कशीबशी शिरली. मोबाईल पाण्यात गेला. महादू होडीपाशी थांबला. हा चालत आणि मिळेल त्या ट्रकने तळेऱ्यावरून आला. वाऱ्यात घाबरलो नाय, म्हणाला, घाबरूक वेळच नव्हतो. पण गडग्याशी येवन बघतंय तर तोप! फोडणीचो आवाज नाय, तुझा दार बंद. "मथुरा काय अशी मरूची नाय. म्हणजे तूच. तुका बीपी आसा."

मथुरा दारात येऊन उभी होती. ती धावली नाही, रडली नाही. तिने माझ्या हातातून बाटली घेतली, वास घेतला, नाक मुरडलं.

"खोबऱ्याचाच आसा ना? मगे झाला," म्हणाली आणि आत वळली.

सत्यवान ओट्यावर चढला. तोपाशी थांबला.

"मगे ही पेज कोणाची?"

मी भूगोलाचा मास्तर, बोलायचा पगार घेतो. मी झाकणावरचा धोंडा उगाच सारखा केला. आतून मथुरा म्हणाली, "तुझी."

तेव्हा तो घाबरला. लाटांत नाही, खाडीत नाही, तिथे, आपल्या ओट्यावर. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्या धोंड्याकडे बघत राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याचा हात थंड होता, माझाही.

एव्हाना वाडी जागी झाली होती. आरडाओरडा झाला, शंकरने त्याला उचलायचा प्रयत्न केला, सावित्रीकाकी तोंडाला पदर लावून गडग्याबाहेरच थांबली. आत यायचा तिला धीर होईना.

सत्यवानाने धोंडा उचलून बाजूला ठेवला. झाकण काढलं. पेज थंड होऊन वर साय धरली होती. त्याने तोप उचलला आणि चुलीपाशी नेऊन ठेवला.

"हेका फोडणी घाल," तो मथुराला म्हणाला.

"पेजेक फोडणी?" काकी बाहेरून न राहवून ओरडली. "आमच्या जल्मात कोणी घातल्यान नाय!"

"काकी," मथुरा कढईत बाटली उलटी करत म्हणाली, "मेलेलो माणूस आपली पेज जेवताना तुमच्या जल्मात बघितलात?"

जाईच्या तेलात मोहरी तडतडली. लसूण पडला, मिरची पडली. तिने कढई तोपात उपडी केली आणि असा चर्र आवाज झाला की चुलीमागचं मांजर परसात पळालं.

पेजेला न्हाव्याच्या दुकानाचा वास येत होता. सत्यवान दोन ताटल्या जेवला. काकीलाही आत बोलावून वाढली. तिने डोळे मिटून गिळली. मीही घेतली, आणि मथुराने आणखी वाढली तेव्हा नको म्हणायची छाती झाली नाही.