उचलला, असं मी सांगितलं

मित्रांनो, मी अकोटच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसातली जुनी टेलिफोनची पेटी आहे. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, एका पालीच्या संगतीनं टांगलेली. कालपर्यंत अंगावर बोटभर रुई साचलेली होती. माझा कुणावर विश्वास नाही. झाडू घेऊन जवळ येणाऱ्यावर तर मुळीच नाही.

अकोल्याच्या किशोर मिस्त्रीनं मला इथं बसवलं. बाहेरून आलेला फोन टेबलावर पोचवायचा आणि तिथं रिसीव्हर उचलला गेला की टेलिफोनच्या जाळ्याला खूण द्यायची, 'उचलला', एवढंच माझं काम. ती खूण पोचली की फोन करणाऱ्याच्या मोबाईलवर सेकंद पळू लागतात. फोनवर सत्यवतीबाई बसायच्या. कापूस भरण्याआधी शेतकरी त्यांनाच विचारत, 'गाडी आणू काय?' बाई 'आणा' म्हणाल्या की गाड्या निघत. तेव्हा माझं फार कौतुक होतं. बाई मला रोज फडक्यानं पुसायच्या.

मग मॅनेजर उत्तमरावांच्या मनानं घेतलं, नुसती घंटी वाजत राहिली की लोकांना ऑफिस बंद वाटतं. त्यांनी किशोरला बोलावलं. आता पहिल्या घंटीलाच मी स्वतः फोन घ्यायचा, खूण द्यायची आणि भजन लावायचं. बाईंचा फोन त्यानंतर वाजणार. बाई दुसऱ्या लाइनवर असल्या तर तोही नाही, बाहेरच्या माणसानं भजनच ऐकत बसायचं. बाई त्या दिवशी रजेवर होत्या आणि नंतरही त्यांना कुणी सांगितलं नाही. मला तेव्हाच शंका आली होती, पण पेटीला विचारतो कोण!

तक्रारी सुरू झाल्या. फोन उचलतात, पण बोलत नाहीत. उत्तमरावांना वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. बाई रिसीव्हर काढून बाजूला ठेवतात आणि गप्पा हाणतात, असा त्यांचा ग्रह झाला. त्यांनी बाईंचं टेबल खिडकीपासून हलवून आपल्या काचेसमोर आणलं. डबा खातानाही बाई अवघडून बसायच्या. मला पुसणंही त्यांनी सोडून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी! मला फार वाईट वाटायचं.

परवा दुरुस्तीसाठी जिनिंग बंद होतं. बाई सकाळपासून फोनवर लोकांना तेच सांगत होत्या. तरी चंद्रभान नावाचा शेतकरी कापसाची गाडी घेऊन फाटकाशी आला. त्यानं तीनदा फोन केला होता, तिन्ही वेळा उचलला गेला होता. जिनिंग बंद असतं तर फोन कोण उचलतं, असा विचार करून तो निघाला होता. त्यानं मोबाईल पुढं केला. दोन मिनिटं, तीन मिनिटं, सगळं त्यात होतं. उत्तमरावांनी बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

बाईंचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "साहेब, मी उचललाच नाही त बाजूले ठेवीन कसा? आता माह्यासमोर लावा फोन."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. उत्तमरावांनी मोबाईलवरून फोन लावला. मी तो घेतला, खूण दिली, भजन लावलं. टेबलावरचा फोन वाजत होता, रिसीव्हर जागेवरच होता आणि साहेबांच्या मोबाईलवर सेकंद पळत होते. चंद्रभान वाकून पाहत राहिला.

"अन् हा कोनं उचलला, साहेब?" बाईंनी विचारलं.

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. भजन त्यांनीच निवडलेलं होतं.

"मीच सांगतलं होतं किशोरले," ते हळू आवाजात म्हणाले. "चुकलो, बाई."

चंद्रभानची गाडी त्यांनी शेडमध्ये घ्यायला लावली. मग बाईंचं टेबल एकट्यानं ओढत परत खिडकीशी नेलं.

मित्रांनो, यंत्रावरची धूळ पुसत जा. पण माझ्यासारख्या पेटीच्या सांगण्यावरून माणसावर संशय घेण्याआधी, मला तसं बोलायला कुणी शिकवलं, तेही विचारत जा.

काल किशोर येऊन गेला. आज सकाळी पहिला फोन आला. घंटी वाजली आणि मी गप्प बसले. बाई मला पुसत होत्या. फडकं माझ्यावरच ठेवून त्यांनी रिसीव्हर उचलला, "बोला" म्हणाल्या, आणि मगच मी खूण दिली.