उंच खिडक्यांची शाळा

गावानं शाळा बांधायची ठरवली तेव्हा एक बारीकशी अडचण होती: शाळा आतून कशी असते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दुसऱ्या गावात जाऊन विचारणं म्हणजे कमीपणा! गावच्या गवंड्यानं तोवर फक्त धान्याची कोठारं बांधली होती. त्यानं मन लावून कोठारच बांधलं. जाड भिंती, भक्कम दार आणि चारही खिडक्या थेट छपराखाली, उंदरांना पोचता येऊ नये म्हणून. ओळंबा लावून, एक सूत इकडे-तिकडे नाही.

पहिले मास्तर आले. मान वर करून त्यांनी खिडक्या पाहिल्या आणि म्हणाले, "छान. पोरांना उंदीर खाणार नाहीत."

सगळं गाव हसलं. गवंडी हसला नाही. आठ दिवसांत त्यानं एका खिडकीखाली पायऱ्यांचा दगडी कट्टा बांधून दिला, पोरांना निदान चढून बाहेर बघता यावं म्हणून. त्यानंतर पन्नास वर्षं तो शाळेत शिरला नाही. रस्त्यानं जाताना खिडक्यांकडे बघायचा नाही. नजर फक्त भोवतालच्या कुंपणाच्या भिंतीवर. नुसते दगडावर दगड रचून उभी केलेली ती भिंत, पण इतक्या वर्षांत तिचा एक दगड हलला नव्हता. या शाळेत एवढंच आपल्याला धड जमलं, असं त्याला वाटायचं.

यंदा डागडुजी निघाली, खिडक्या खाली घ्यायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या गवंड्यानं निरोप धाडला, "खिडक्यांखालची भिंत मीच फोडणार. दुसऱ्या कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." मरण्याआधी ती चूक त्याला स्वतःच्या हातानं मिटवायची होती.

"आधी स्वतःची डागडुजी करा," बायको म्हणाली. पण छिन्नी-हातोड्याची पिशवी तिनंच शोधून दिली.

शाळेत येऊन त्यानं तीन खिडक्यांखाली खडूनं खुणा केल्या. चौथी खूण थेट कट्ट्यावर केली, तेव्हा शाळेच्या बाई पुढे आल्या. त्या याच शाळेत शिकलेल्या.

"बाबा, हा कट्टा आणि ही खिडकी तेवढी ठेवा."

"कशाला? पुढच्या पिढीनंही हसायला?"

"जरा बसा. आता नंबर आहे."

एक मुलगी कट्ट्यावर चढली. बाकीची खाली बसून राहिली. तिनं बाहेर काय दिसतंय ते सांगायचं आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी प्रश्न विचारायचे. पहिल्या मास्तरांनी घालून दिलेली रीत. रोज एकाचा नंबर.

"मी तोतरी होते, बाबा," बाई हळूच म्हणाल्या. "या कट्ट्यावर बोलायला शिकले."

म्हाताऱ्यानं हातातला खडू खाली ठेवला. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं, शाळेचं नाव काढलं की तो उठून जायचा.

"एक आजी येतायत," मुलगी सांगत होती. "डबा आहे. एकट्याच बोलतायत."

"चिडल्यात?"

"हो, खूप!"

म्हाताऱ्यानं ओळखलं. पोरं ओरडली, "आता आजोबांचा नंबर!" नाही-होय करत, बाईंचा हात धरून तो चढला. स्वतः बसवलेल्या खिडकीतून पहिल्यांदाच बाहेर बघत होता.

"काय दिसतंय, आजोबा?"

त्याची बायको डबा बाजूला ठेवून वाकली होती. कुंपणाचा एक दगड निखळून पडला होता. तिनं तो उचलला, फिरवून पाहिला, नेमका जागेवर बसवला आणि वर एक थाप मारली. सराईत हात होता तिचा.

"मोठ्यानं सांगा ना!"

"ती... दगड बसवतेय," तो कसाबसा म्हणाला.

"मग काय!" खालून एक चिमुरडी म्हणाली. "त्या नेहमीच बसवतात. सगळ्यांना माहितेय."

खिडकीला तोंड लावून म्हाताऱ्यानं हाक मारली, "काय करतेयस गं तिथं?"

ती दचकली. हात पाठीमागे लपवून वर बघत ओरडली, "काही नाही! तुम्ही रचलेली भिंत आहे, तिला काय होतंय!"

अख्खा वर्ग हसला. या वेळी गवंडीही हसला, डोळे पुसत, आणि उतरता उतरता कट्ट्यावरची खूण त्यानं त्याच ओल्या हातानं पुसून टाकली.