बंद न झालेलं जनुक

पारोळ्याच्या आधार बिऱ्हाडे यांच्या दोन्ही मुलांना सिकलसेल होता. शाळेतल्या तपासणीत ते कळलं होतं. थोरला बुद्धभूषण बाजार समितीत हमाली करायचा. त्याला क्वचितच काही व्हायचं. धाकटी संघमित्रा महिन्यातून एकदा तरी हाडं धरून पडायची. कॉलेज तिनं दुसऱ्या वर्षी सोडलं.

"भाऊले बी तोच आजार शे," आधार म्हणायचे. "तो पोतं उचलस. तुले काय व्हस?"

काही दिवस संघमित्रालाही वाटायचं, आपणच वेदना वाढवून सांगतो.

दिवाळीनंतर कापूस वेचताना ती शेतातच कोसळली. भूषणनं तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. त्यालाही हाच आजार आहे म्हटल्यावर डॉ. दिपमाला पाटील यांनी दोघांचं रक्त घेतलं. अहवालाच्या दिवशी आधारही आले.

"बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मानंतर पेशी त्याचं जनुक हळूहळू बंद करतात आणि मोठेपणीचं चालू करतात. या दोघांचा दोष मोठेपणीच्या जनुकात आहे. पण भूषणचं आधीचं जनुक पुरतं बंद झालंच नाही. त्याच्यात ते हिमोग्लोबिन बावीस टक्के आहे, ते त्याला सांभाळतं. हिच्यात चार."

"म्हणजे हिचा त्रास खरा होता," आधार म्हणाले.

"पहिल्यापासून."

"हिचं जनुक उघडता येईल?" आधार यांनी विचारलं.

"थोडंफार. गोळी आहे, पण दर महिन्याला रक्त तपासावं लागेल. आणि भूषण, आजार तुलाही आहे, पोती उचलणं सोड."

परतीच्या बसमध्ये आधार यांनी खिडकीकडे बघत कबूल केलं, "मनी चूक व्हयनी."

"हां, व्हयनी," संघमित्रा म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात गोळीमुळे तिच्या पांढऱ्या पेशी घटल्या, म्हणून ती पंधरा दिवस थांबवली आणि मात्रा कमी करून पुन्हा दिली. वर्षभरात ते हिमोग्लोबिन चारावरून तेरा टक्क्यांवर गेलं. या वर्षात ती दोनदाच आजारी पडली. दुसऱ्यांदा चार दिवस दवाखान्यात होती. भूषणनं हमाली सोडून काट्यावर वजन नोंदवायचं काम धरलं.

आधार आता तिला विचारतात, "दुखस का?" ती हो म्हणाली, की ते लगेच रिक्षा बघायला जातात.