टोपलीतल्या गोळ्या

आभाराच्या रविवारी आमच्या सान हेर्वासियो गावच्या प्रार्थनाघरात एक टोपली फिरते. ज्याला देवाने बरं केलं त्याने आपली औषधं तिच्यात टाकायची आणि महिन्याभराने सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, अशी ग्वाटेमालाच्या या डोंगरातली आमची रीत. गोळ्या घेणारा माणूस कच्च्या विश्वासाचा, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. नुसतं बघतात, आणि ते बघणं पुरतं.

नोएमी शाळेचे गणवेश शिवते. तीन वर्षांपूर्वी तिचं दुसरं मूल जन्मतःच गेलं आणि तिने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मन सावरायची रोज एक गोळी दिली. हळूहळू ती जेवू लागली, मशीनवर बसू लागली, थोरल्या लिदियाच्या वेण्या घालू लागली. यंदाच्या आभाराच्या रविवारी सासूने, तोमासाबाईंनी, तिला कोपराने ढोसलं. नोएमीने अख्खं भरलेलं पाकीट टोपलीत टाकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसू लागला. पायाखालची जमीन डुलायची. तोमासाबाई म्हणाल्या, सैतान जाताना ओरबाडतोच. पाळक अब्दियासांनी तीन दिवसांचा उपास सांगितला. तिने तोही केला. नवरा ओबेद कॉफीच्या मळ्यावर निघताना आईचं ऐक, एवढंच म्हणाला.

दहाव्या दिवशी लिदियाच्या हातून मक्याची पेज सांडली. नोएमीने तिच्या थोबाडीत मारली. मग आणखी एक. पोर रडत होती आणि आईला काहीच वाटत नव्हतं, ना राग, ना दया. हिला मी जिवानिशी मारलं तरी असंच वाटेल का, असा विचार तिच्या मनात आला आणि त्याचीही भीती वाटली नाही. तिने मुलीला शेजारणीकडे ठेवलं आणि भिंती धरत आरोग्य केंद्र गाठलं.

नर्स इर्माने सगळं ऐकून घेतलं. "हा सैतान नाही, नोएमी. रोजची गोळी एका दिवसात तोडलीस, म्हणून शरीर बोंबलतंय. सोडता येते गं, पण डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी कमी करत. महिने लागतात त्याला." तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

नवं पाकीट बघून घरात आकांत होईल असं नोएमीला वाटलं होतं. तोमासाबाईंनी आधी दार लावून घेतलं.

"तू भरलेलं टाकलंस?"

"हो."

"अगं वेडे, भरलेलं कोण टाकतं? माझ्या बीपीच्या गोळ्या बघ, त्या मक्याच्या डब्यात आहेत. सगळे रिकामंच पाकीट टाकतात. एवढं तरी तुला कळत असेल, असं वाटलं मला."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"असं कुणी सांगतं का, पोरी?"

साक्षीच्या रविवारी नोएमी उभी राहिली. भाजीचे भाव सांगावेत अशा सपाट आवाजात बोलली.

"मी बरी झाले नाही. गोळी तोडल्यावर मी माझ्या लेकीला मारलं आणि मला काही वाटलं नाही. आता गोळी पुन्हा घेतेय. ज्यांनी रिकामी पाकिटं टाकली त्यांनी उठून उभं राहावं. नाहीतर पुढच्या वेळी आणखी कुणीतरी तुमचं खरं मानेल."

पाळक पुस्तकाची पानं उलटत राहिले. बऱ्याच वेळाने बाकाचा आधार घेत तोमासाबाई उठल्या. त्यांच्यामागे कुणी उठेल म्हणून नोएमी एकेका बाकाकडे बघत गेली.

तिसऱ्या बाकावर मी होते. माझ्या डायबेटिसच्या गोळ्या मांडीवरच्या पर्समध्ये होत्या. तिची नजर माझ्यावर आली, थांबली. लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. मी उठले नाही.