जाळ्यांचं घर

बावन्न सालच्या श्रावणात बँकेचे तपासनीस गव्हाणकर पाचूबंदरला आले. गरिबांना घरासाठी दिलेलं कर्ज घरालाच लागलं ना, एवढं त्यांना बघायचं होतं. सत्यवती कोळणीचं नवं कौलारू घर बघून ते खूश झाले. दार ढकललं, तर आत पाय ठेवायला जागा नाही. आढ्यापासून जमिनीपर्यंत नुसती सुताची जाळी. मागच्या गळक्या झोपडीत सत्यवती तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसलेली. गव्हाणकर झोपडीच्या दारात गेले.

"अहो बाई, कर्ज तुम्हाला राहायच्या घरासाठी दिलं होतं."

"आमी भिजलो तर सुकू, सायेब. जाळी कुजली तर खानार काय? तुमची बँक जाळ्यांना कर्ज देते?"

गव्हाणकरांना नियम तोंडपाठ होता: कर्ज फक्त घराला. छपरातून पोराच्या कपाळावर थेंब पडला. सत्यवतीनं तो न बघताच पुसला.